पाच लिटर समुद्र

बबनरावांना नुसतं ‘बबन’ म्हटलं की ऐकू यायचं नाही. कानाला काही झालं नव्हतं. नारायणगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तिथं ते रोज संध्याकाळी यायचे, आणि चार गाळे पलीकडं कुणी टोमॅटोच्या क्रेटचा भाव पुटपुटला तरी त्यांना कळायचा. पण कुणी ‘ए बबन्या’ म्हणून हाक मारली की हा माणूस समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागायचा. ‘बबनराव’ म्हटलं की मान लगेच वळायची. ही मागणी एकतर्फी नव्हती. ते स्वतः सगळ्यांना राव लावायचे. मी अशोकराव, शेअर जीप चालवणारा आमचा मित्र दिलीप हा दिलीपराव, आणि दुकानाच्या पायरीवर पडलेलं कुत्रं मोतीराव. त्यांच्या नातवाला शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं, तर त्यानं ‘आयुषराव’ असं सांगितलं आणि हजेरीपटावर तसंच लागलं.

बसण्याचंही तसंच. माझ्या दुकानात सुरुवातीला एक खुर्ची आणि एक स्टूल होतं. मी खुर्चीवर, गिऱ्हाईक स्टुलावर. बबनराव पहिला महिनाभर उभेच राहिले. ‘बसा की’ म्हटलं की म्हणायचे, “मी उभाच बरा.” मला वाटायचं, सवय असेल. शेवटी दिलीपनं मला खोपच्यात घेऊन झापलं, की अरे, तू खुर्चीत अन् त्यांनी स्टुलावर बसायचं व्हय? माझं तोंड लाल झालं. दुसऱ्या दिवशी मी माझ्यासारखीच दुसरी खुर्ची आणली. बबनराव आले, दोन्ही खुर्च्यांकडं पाहिलं, आणि बसले. पुढची दहा वर्षं ती खुर्ची त्यांचीच होती.

नोकरी पाटकऱ्याची. धरणातून कालव्याला पाणी सुटलं की कुणाच्या शेताला किती वाजता दार उघडायचं आणि किती वाजता बंद करायचं, हे पाटकरी बघतो. उन्हाळ्याच्या आवर्तनात पाटकऱ्याच्या हातात अख्ख्या गावाचा जीव असतो, आणि हे ज्यांना माहीत असतं ते पाटकरी काय काय करतात ते आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. बबनरावांनी त्यातलं काही केलं नाही. मनगटाला चावीचं घड्याळ, इस्त्रीची खाकी पँट, आणि तोंडात एक वाक्य: “पानी घड्याळाचं. मानसाचं न्हाई.” कालव्याच्या शेपटाला ज्यांच्या जमिनी होत्या, त्यांनी पाण्याची पाळी कागदावरच पाहिलेली होती. बबनराव बदलून आले त्या वर्षी त्या लोकांच्या उसाला पहिल्यांदा वेळेवर पाणी आलं. आणि वरच्या अंगाला ज्यांच्या जमिनी होत्या, ते चिडले.

त्या वरच्या अंगाच्या लोकांत आमचे तात्या होते. माझे थोरले चुलते. आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठी, आणि बबनराव तिथं आठ वर्षं पाटकरी होते. पहिल्याच आवर्तनात तात्या कालव्याच्या भरावावर गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “ए बबन्या, आमचं पाणी किती वाजता?” बबनराव पाण्याची पातळी बघत उभे. तात्यांनी तीनदा विचारलं. भरावावर दहा माणसं होती, सगळ्यांना ऐकू गेलं, एका बबनरावांनाच गेलं नाही. तात्या तणतणत घरी आले. पाणी सुटलं ते अगदी नेमक्या मिनिटाला. पण तात्या जाग्यावर नव्हते, बारं मोडून वाफ्यात पाणी वळवायला कुणी नाही, आणि आमचं पाणी शेजारच्या पडीक रानात हिंडून आलं. तात्यांनी तक्रार केली. साहेब आले, त्यांनी वेळ तपासली, आणि वेळ बरोबर निघाली. त्यानंतर आठ वर्षं तात्या बबनरावांशी एक शब्द बोलले नाहीत. ‘राव’ म्हणायला जीभ उचलत नव्हती आणि न म्हणता उत्तर मिळत नव्हतं. मग ते मला पाठवायचे, “जा, त्याला विचार.” मी तेव्हा विशीतला. मी जाऊन ‘बबनराव’ म्हणायचो, वेळ विचारायचो, परत येऊन तात्यांना सांगायचो. आमची ओळख ही अशी झाली.

निवृत्त झाल्यावर ते नारायणगावाला लागून असलेल्या वारूळवाडीला घर बांधून राहिले आणि आमच्या खुर्च्या शेजारी आल्या. सदुसष्ट वर्षांचे झाले तेव्हा गुडघे पार गेले होते. मुलगा राजेश पुण्यात नोकरीला. त्यानं दोन्ही गुडघे बदलायचं ठरवलं, डॉक्टर पाहिला, तारीख घेतली. डॉक्टरनं बजावलं होतं की ऑपरेशननंतर चालाल चांगलं, पण उड्या, धडपड, सगळं बंद. त्याच आठवड्यात माझ्या फोनवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. समुद्रात एक माणूस फळीवर उभा, आणि लाट त्याला किनाऱ्यापर्यंत घेऊन येते. बबनरावांनी तो अकरा वेळा पाहिला. मग विचारलं, “हे कुठं शिकवत्यात?”

मी गंमत म्हणून शोधलं. कर्नाटकात उडुपीच्या पुढं मुल्की म्हणून गाव आहे, तिथं शिकवतात. “मग जाऊ,” ते म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, “अशोकराव, येत्या गुरवारी हे गुडघं जायचं. त्याच्या आधी ह्याच गुडघ्यांवर एकदा पान्यावर उभं ऱ्हायचंय. येताय का एकटा जाऊ?”

दिलीपनं जीप काढली. बायकोनं भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दिलीपनं मागं टोमॅटोचा एक क्रेट टाकला, परक्या गावात रिकाम्या हातानं जायचं नसतं म्हणून. राजेशला कळवलं नव्हतं. ते बबनरावांचं काम होतं, आणि ते म्हणाले, पोचल्यावर सांगू.

दिलीपबरोबर लांबचा प्रवास करणं म्हणजे एक शिक्षा आहे. तीस वर्षं नारायणगाव-जुन्नर जीप मारलेला माणूस. रस्त्याकडेला कुणी हात केला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. कऱ्हाडच्या पुढं एक म्हातारी थांबवली, निपाणीला एक नवराबायको आणि त्यांची बकरी. मी म्हणालो, अरे आपण फिरायला निघालोय. दिलीप म्हणाला, पण त्यांनी हात केला ना. बकरी माझ्या पायाशी बेळगावपर्यंत आली. बबनराव पुढच्या सीटवर बसून बकरीला ‘बकरूबाई’ म्हणत होते, राव लावावं की नाही याचा निर्णय त्यांनी ती उतरून गेल्यावरही, बहुधा हुबळीपर्यंत, घेतला नव्हता.

मुल्कीला शिकवणारी होती लीला. तिशीतली, कोळ्याची पोर, खांदे नांगऱ्यासारखे. तिला मराठी येत नाही, आम्हाला तुळू येत नाही, मग दोन्हीकडून मोडकं हिंदी. तिनं बबनरावांना पाहिलं, गुडघ्यांवर बांधलेले पट्टे पाहिले, आणि म्हणाली, “अंकल, आप सिर्फ देखो.” बबनराव माडाकडं बघत राहिले. दिलीपनं तिला हळूच सांगितलं, नाव बबनराव आहे. ती म्हणाली, “बाबनराव, आप सिर्फ देखो.” आता त्यांनी वळून उत्तर दिलं, की आज बघतो, उद्या करतो.

आणि ते खरंच दिवसभर बघत राहिले. एक काठी वाळूत रोवली, तिच्यावर पेननं खुणा केल्या, आणि घड्याळ लावून बसले. एकतीस वर्षं कालव्याची पातळी बघितलेला माणूस समुद्राची पातळी बघत होता. पाणी चढत चढत काठीच्या वरच्या खुणेला आलं तेव्हा दहा वाजले होते. मग उतरलं. संध्याकाळी त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. पाणी दहाला पूर्ण येतं. सगळा घोळ आधी आणि नंतर असतो. उद्या बरोबर दहाला पाण्यात उतरायचं, आणि एका तासात उभं राहून बाराला परत निघायचं. लीला बाजूला उभी होती, तिला त्यांनी ही वेळ दिली. ती काहीतरी बोलायला गेली, तर हात वर करून म्हणाले, “टाइम पक्का.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पावणेदहाला हजर. दहा वाजले. काठीची वरची खूण कोरडी. समुद्र अजून खालीच. बबनरावांनी घड्याळ कानाला लावलं. चालू होतं. सव्वादहा. माणसाचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या आयुष्यात पाण्यानं पहिल्यांदा वेळ चुकवली होती. लीला साडेदहाला निवांत फळी घेऊन आली आणि म्हणाली, हे चंद्राचं असतं बाबनराव, रोज पन्नास मिनिटं पुढं. त्यांनी ते दोनदा वदवून घेतलं. मग आभाळाकडं बघून म्हणाले, “म्हंजे ह्याचा पाटकरी वर बसलाय. रोज पन्नास मिनटं लेट करतोय आन् त्याला मेमो न्हाई.” आणि इतके हसले की मलाही बरं वाटलं.

तेवढ्यात राजेशचा फोन आला. बबनरावांनी सरळ सांगितलं की मी कर्नाटकात समुद्रावर हाय, आन् आत चाललोय. मग पोरगा जे बोलला ते ऐकून त्यांनी फोन माझ्याकडं दिला. राजेश रडकुंडीला आला होता. काका, तुम्ही तरी शहाणे ना, म्हणाला. चार दिवसांवर ऑपरेशन आहे, पडून हाड मोडलं तर काय? त्याचं चूक नव्हतं. मी फोन ठेवला आणि बबनरावांना म्हणालो, ऐका त्याचं. पोहता येतं तुम्हाला, थोडं पोहा आणि निघू. पडाल.

“पडन. मग?” ते म्हणाले. आणि वाळूत बसले. पट्टे सोडत सोडत, माझ्याकडं न बघता, त्यांनी मला ते सांगितलं. नऊ वर्षं शेजारच्या खुर्चीत बसूनही त्यांनी त्याचा एक शब्द काढला नव्हता.

ते दहा वर्षांचे होते. आमच्याच गावात त्यांचं आजोळ, हे मला तेव्हा कळलं. उन्हाळ्याची सुट्टी. गावातली पोरं देवळाजवळच्या विहिरीत उड्या टाकत होती. वस्तीतल्या पोरांनी कठड्याला हातही लावायचा नव्हता; ते नदीच्या डोहात पोहायला शिकलेले. त्या दुपारी त्यांना राहवलं नाही. कठड्यावर चढले आणि मारली उडी. “लई भारी बसली व्हती उडी, अशोकराव. सुळकांडी. तशी पुन्हा नाय बसली.” लोकांनी वर काढलं. मारलं कुणी नाही. गावानं विहिरीवर इंजिन बसवलं आणि विहीर उपसायला घेतली. बाटली होती ना. दोन दिवस इंजिन चाललं. पाणी वस्तीच्या अंगानं उताराला वाहत गेलं, आणि दहा वर्षांचा पोरगा दोन दिवस उभा राहून आपल्या एका उडीपायी वाया जाणारं पाणी बघत होता.

ते पुढं म्हणाले, “वस्तीतल्या बायांनी दोन दिवस त्या पान्यात गोधड्या धुतल्या. उन्हाळ्यात येवढं पानी त्यांनी कधी बघितलं न्हवतं. आजी म्हनली, बबन, आजून एक मार उडी.”

“इंजिन कुणाचं होतं?” मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. आतून मला ते माहीत असणार. गावात तेव्हा इंजिन एकाच घरात होतं.

“तुमच्या घरचं. तात्याराव चालवीत व्हतं. तरणं व्हतं तवा.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, वेळ सांगावी तसं सांगितलं. मला मात्र त्या वाळूत कुठं तोंड लपवावं ते कळेना. आठ वर्षं मी दोघांमध्ये निरोप पोचवले आणि दोघांमध्ये काय होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सॉरी म्हणालो. फार पोकळ वाटला तो शब्द. त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “वेळ घ्या. उभा ऱ्हायलो की किती ऱ्हायलो ते.”

लीलानं फळीची दोरी त्यांच्या घोट्याला बांधायला घेतली तर त्यांनी पाय मागं घेतला. बांधायचं नाही, म्हणाले. तिनं समजावलं, आप नहीं, बोर्ड बंधा है, वो भाग जाता है. त्यावर त्यांनी विचार केला आणि पाय पुढं केला.

ते किती वेळा पडले हे मोजायचं मी अठराला सोडून दिलं. लीला त्यांना छातीभर पाण्यात नेऊन फळीवर पालथं निजवायची, लाट आली की ढकलायची. ते हातावर उठायचे, एक गुडघा टेकायचे, आणि तो गुडघा त्यांना दगा द्यायचा. नाकातोंडात पाणी. दर वेळी वर आले की आधी थुंकायचे आणि मग म्हणायचे, पुन्हा. तासाभरानं ती म्हणाली, बस, पालथं निजून आलात तेच खूप. ते म्हणाले, “निजायला नाय आलो.” दिलीप गुडघाभर पाण्यात उभा राहून प्रत्येक लाटेला “चला जुन्नर, जुन्नर” ओरडत होता, घाबरला की त्याला तेवढंच सुचतं.

एक लाट फार मोठी नव्हती. लीलानं ढकललं, बबनराव हातावर उठले, गुडघा टेकला, आणि मग दुसरा पाय पुढं आला. आणि ते उभे राहिले. वाकडे, हात पसरलेले, ओल्या बनियनचं पोट पुढं आलेलं, पण उभे. समुद्र त्यांच्या पायाखालून किनाऱ्याकडं धावत होता आणि ते त्याच्यावर उभे होते. मग बाजूला कोसळले. मी रडत होतो, हे मला दिलीपनं नंतर सांगितलं.

बाहेर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, “किती?”

“पाच सेकंद,” मी म्हणालो.

“घड्याळ बघून सांगा.”

“साडेतीन.”

“मग साडेतीनच म्हना.”

निघताना दिलीपनं टोमॅटोचा क्रेट लीलाच्या आईला दिला. बबनरावांनी आमचा प्यायच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन रिकामा केला आणि लंगडत जाऊन समुद्रातून भरून आणला. तीर्थ म्हणून का, असं दिलीपनं विचारलं. “म्हना तसं,” ते म्हणाले, आणि वाटेत तीनदा टोपण घट्ट आहे का ते बघितलं.

ठरल्या गुरुवारी ऑपरेशन झालं. चांगलं झालं. पुढं दीड वर्ष ते काठीशिवाय दुकानात येत राहिले, आणि गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त होऊन गेले. त्यांची खुर्ची मी हलवलेली नाही. कुणी बसलं तर बसू देतो, फक्त मी स्टुलावर बसत नाही आणि दुसऱ्यालाही बसवत नाही. पण बबनराव म्हटलं की मला ते खुर्चीतले आठवत नाहीत, फळीवरचेही नाहीत. आठवतात ते परतीच्या वाटेवरचे.

मंचर जवळ आलं तेव्हा त्यांनी दिलीपला जीप आत वळवायला सांगितली, आमच्या गावाकडं. दुपारची वेळ. देवळाजवळची विहीर आता कुणी वापरत नाही, घरोघरी नळ आहेत; वर जाळी, जाळीला भोक, खाली लिंबाचा पाला आणि पिशव्या. समोरच्या पारावर तात्या बसले होते. आता पंच्याऐंशीचे, पण नजर शाबूत. बबनरावांनी कॅन दिलीपला उचलू दिला नाही. स्वतः घेऊन लंगडत कठड्यापर्यंत गेले. कठड्याला पोट टेकवलं. टोपण काढलं. आणि जाळीच्या भोकातून तो कॅन सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत ओतला. पाणी खाली पडल्याचा आवाज पारावरही ऐकू आला.

“ए बबन्या,” तात्या म्हणाले, “काय वतलं त्यात?”

बबनराव विहिरीत बघत राहिले. तात्यांनी पुन्हा विचारलं. मग माझ्याकडं बघितलं, तसंच, आठ वर्षं बघत होते तसं: जा, त्याला विचार. मी जीपच्या टायरकडं बघत उभा राहिलो. मला जन्मात एवढं अवघड काही वाटलं नव्हतं, पण मी हललो नाही. दिलीपही नाही. तात्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. खाकरले.

“बबनराव,” ते म्हणाले, “काय वतलं?”

बबनरावांनी लगेच मान वळवली. कॅनला टोपण लावलं, नीट घट्ट केलं.

“समुद्र हाय, तात्याराव,” ते म्हणाले. “उपसा आता.”